मोजायचं काय?

आमच्या नात्यागोत्यात माझ्या नोकरीबद्दल फार जुना गोंधळ आहे. मावशीच्या मते मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. एका काकांना वाटतं की मी इंटरनेट 'चालू ठेवतो' आणि त्यांच्याकडचं बंद पडलं की ते माझ्याकडेच रागाने बघतात. खरं काम त्या मानाने फारच साधं आहे. कंपनीत कुणाला किती माल गेला, कुणाचे पैसे यायचे आहेत, कुठल्या बॅचमध्ये किती नग रद्द झाले, या सगळ्या नोंदी ज्या एका सॉफ्टवेअरच्या पोटात राहतात त्याला डेटाबेस सर्व्हर म्हणतात. ते चालतं ठेवायचं, त्याचा बॅकअप घ्यायचा, रात्री दोनला फोन आला तर उठायचं. कोठीच्या कारभाऱ्याचं काम म्हणा ना. वीस वर्षं झाली मला या कोठीत.

आता या कोठीचं भाडं किती आणि ते कसं आकारतात, हा विषय रुक्ष आहे हे मान्य. कवितेच्या आशेने आलेल्या मित्रांनी आज मला माफ करावं. पण गेल्या दोनेक महिन्यांत घरातच हा प्रश्न आला आणि बोलता बोलता लक्षात आलं, की व्यवहारात अतिशय हुशार असलेली माणसंसुद्धा इथे भलताच प्रश्न विचारत असतात.

माझ्या मामेभावाचा भोसरीला गाड्यांचे सुटे भाग बनवायचा कारखाना आहे. मामांनी सुरू केला, आता तो बघतो. ऑफिसात पंचवीस माणसं, शॉप फ्लोअरवर तीन पाळ्यांत मिळून साठ. वर्षानुवर्षं टॅली आणि एक्सेलवर निभावलं. आता मोठ्या गिऱ्हाइकांच्या मागण्या वाढल्या म्हणून ईआरपी घ्यायचं ठरलं. कोटेशन आलं. त्यात ईआरपीची किंमत, ट्रेनिंग, सर्व्हर आणि चौथ्या ओळीत 'डेटाबेस सर्व्हर लायसन्स'. त्या एका ओळीचा आकडा ईआरपीच्या निम्म्याहून जास्त!

"दादा, हा रेट जास्त आहे का?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "रेट नंतर बघू. आधी मला सांग, ते मोजतायत काय?"

माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे. पोलाद घेताना किलोचा दर विचारतात, कारण किलो म्हणजे किती हे ठरलेलं असतं. डेटाबेसच्या लायसन्समध्ये दराइतकंच, किंबहुना दरापेक्षा जास्त महत्त्व एककाला आहे. कधी माणसं मोजतात, कधी मशीनं, कधी प्रोसेसर, कधी प्रोसेसरच्या पोटातले कोअर. आणि काय मोजायचं हे विकणारा ठरवतो. मामा शेजारीच चहा घेत बसले होते. ते म्हणाले, "म्हणजे मीटर त्यांचा आणि रीडिंग घेणारेही तेच?" साधारण तसंच. (मामा नववी पास आहेत. एमबीए झालेल्या लोकांना हे समजावताना मला तास तास लागला आहे.)

टॅलीमुळे आपल्याकडच्या दुकानदारालाही लायसन्स म्हणजे काय हे थोडंफार कळतं. सिल्व्हर घेतलं तर एकाच मशीनवर, गोल्ड घेतलं तर ऑफिसच्या नेटवर्कवर हवं तितक्या जणांनी. दोन पर्याय, विषय संपला. डेटाबेसचं मात्र तसं नाही. मी भावाला वहीत जे गणित मांडून दाखवलं तेच इथे देतो. हिशेबासाठी डॉलर ९० रुपये धरला आहे आणि आकडे कंपन्यांच्या जाहीर किंमत-यादीतले आहेत. प्रत्यक्षात घासाघीस होते आणि सवलतही बरीच मिळते, पण सुरुवात त्या यादीपासूनच होते.

समजा सर्व्हर एकच आहे. त्यात एकच इंटेलचा प्रोसेसर आणि त्या प्रोसेसरमध्ये १६ कोअर. कोअर म्हणजे एका चुलीवर जळणाऱ्या शेगड्या समजा, जितक्या जास्त तितका स्वयंपाक एकदम.

ओरॅकलची एंटरप्राइझ आवृत्ती घेतली तर कोअर मोजतात, पण इंटेलच्या कोअरला अर्धा गुण. १६ चे झाले ८ 'प्रोसेसर'. एकाचे ४७,५०० डॉलर, म्हणजे ३,८०,००० डॉलर. रुपयांत ३ कोटी ४२ लाख. त्यावर दर वर्षी २२ टक्के सपोर्ट, म्हणजे ७५ लाख.

त्याच ओरॅकलची स्टँडर्ड आवृत्ती त्याच मशीनवर घेतली तर कोअर मोजतच नाहीत. प्रोसेसर बसवायचं खोबण मोजतात, ज्याला सॉकेट म्हणतात. एक खोबण, १७,५०० डॉलर. पावणेसोळा लाख.

म्हणजे मशीन तेच, कोअर तेच, कंपनी तीच आणि किंमत एकीकडे पावणेसोळा लाख तर दुसरीकडे ३ कोटी ४२ लाख. एकवीस पटींहून जास्त! मोठ्या आवृत्तीत सोयी जास्त आहेत, आणि धाकटीला मर्यादा आहेत, उदाहरणार्थ ती एका वेळी १६ थ्रेडपलीकडे धावत नाही. पण भोसरीच्या कारखान्याला त्या जास्तीच्या सोयी हव्यात का? 'पुढे धंदा वाढला तर असावं' म्हणून मोठी आवृत्ती गळ्यात घालणारे सल्लागार मी पाहिले आहेत. माझं मत स्पष्ट आहे, पुढचं पुढे बघावं. धाकटीवरून मोठीवर जाता येतं. उलटं जाताना मात्र मोठीच्या सवयी लागलेल्या असतात आणि त्या सोडवता सोडवत नाहीत.

आता मायक्रोसॉफ्टचं एसक्यूएल सर्व्हर. त्यांच्या २०२२ च्या आवृत्तीच्या यादीनुसार स्टँडर्ड दोन प्रकारे मिळतं. एक, कोअरवर. दोन कोअरचा जोड ३,९४५ डॉलरला. १६ कोअरना आठ जोड, ३१,५६० डॉलर, रुपयांत २८ लाखांच्या वर. दुसरा प्रकार, सर्व्हरचे ९८९ डॉलर आणि वापरणाऱ्या प्रत्येकामागे २३० डॉलरचं एकेक 'कॅल'. हे कॅल माणसाच्या नावाने घेता येतं किंवा यंत्राच्या.

इथे खरी गंमत आहे. पंचवीस ऑफिसातले आणि साठ कामगार अशी ८५ माणसं मोजली तर झाले २०,५३९ डॉलर, म्हणजे साडेअठरा लाख. पण शॉप फ्लोअरवर टर्मिनल आहेत आठ. तिन्ही पाळ्यांतले कामगार त्याच आठांवर नोंदी करतात. ऑफिससाठी माणसांची पंचवीस आणि फ्लोअरसाठी यंत्रांची आठ, अशी ३३ कॅल घेतली तर हिशेब येतो ८,५७९ डॉलर. पावणेआठ लाखांच्या आत! काम तेवढंच, माणसं तेवढीच, फक्त मोजायची वस्तू बदलली आणि जवळजवळ पावणेअकरा लाख वाचले. भावाच्या कोटेशनात माणसं मोजली होती. विक्रेत्याने फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याने विचारलं "युजर किती?" आणि यांनी प्रामाणिकपणे सांगितलं "पंच्याऐंशी".

उद्या याच कारखान्याने शेदोनशे पुरवठादारांना स्वतःच्या ऑर्डरी बघायला पोर्टल उघडून दिलं तर गणित परत उलटतं. १३३ च्या वर कॅल लागायला लागली की कोअरचा प्रकार स्वस्त पडतो. आणि 'पोर्टल डेटाबेसशी एकाच नावाने बोलतं, म्हणून एकच कॅल पुरे' ही पळवाट चालत नाही. मध्ये कितीही पडदे घाला, पडद्यापलीकडची माणसं मोजतात. ओरॅकलचंही तसंच. तिथे नावनिशीवार मोजणीत टर्मिनलची सोय नाहीच, माणसंच मोजायची. वर माणसाशिवाय आपण होऊन नोंद पाठवणारं यंत्र असेल, भट्टीचं तापमान धाडणारा सेन्सर म्हणा, तर तोही मोजायचा. या कारखान्याला ८५ नावांचे ३५० डॉलरप्रमाणे २९,७५० झाले असते, म्हणजे तिथे सरळ सॉकेट घेणं स्वस्त. एकाकडे शहाणपणाचा ठरलेला पर्याय दुसऱ्याकडे वेडेपणाचा ठरतो.

बरं, एकक एकदा समजून घेतलं की सुटलो, असंही नाही. ते बदलत राहतं, आणि हे बदल बघायला मला नेहमीच मजा (आणि थोडी चीड) येत आली आहे. २००० च्या सुमारास ओरॅकल प्रोसेसरच्या वेगावर, मेगाहर्ट्झवर, पैसे आकारायची. त्या काळात प्रोसेसर दर काही महिन्यांनी वेगवान होत होते. नवा सर्व्हर घेतला की सॉफ्टवेअर आपोआप महाग! गिऱ्हाइकं इतकी वैतागली, की २००१ च्या जूनमध्ये ती पद्धत मोडीत निघाली आणि प्रोसेसरच्या नगावर दर आला. मग एका प्रोसेसरमध्ये दोन कोअर येऊ लागले. मायक्रोसॉफ्टने २००४ मध्येच जाहीर केलं, की आम्ही प्रोसेसरच मोजू, आत काहीही असो. ओरॅकलने २००५ च्या जुलैत कोअरला पाऊण गुण लावला आणि त्याच डिसेंबरात इंटेल-एएमडीसाठी तो अर्ध्यावर आणला. आमच्यासारखे लोक तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या दिलदारपणाचं कौतुक करत होते. ते कौतुक एसक्यूएल सर्व्हर २०१२ पर्यंत टिकलं. त्या आवृत्तीपासून तेही कोअर मोजू लागले, दर प्रोसेसरमागे किमान चार. चार कोअरवाल्याला फारसा फरक पडला नाही. आठ-दहा कोअरवाल्याला मात्र चांगलाच पडला.

२०१५ मध्ये ओरॅकलने दोन धाकट्या आवृत्त्या बंद करून एकच आणली. बंद झालेल्यांतली सगळ्यात लहान, जी लहान धंद्यांना ५,८०० डॉलरला मिळायची, ती गेली आणि नवीची सुरुवात १७,५०० पासून. २०१७ च्या जानेवारीत ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर ओरॅकल चालवणाऱ्यांसाठी तो अर्ध्या गुणाचा नियम गेला. एका रात्रीत तेवढ्याच कामाला दुप्पट लायसन्स. कुणीही नवीन काही वापरायला घेतलं नव्हतं.

विकणाऱ्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. कोअर वाढले तसे कमी प्रोसेसरांत काम भागू लागलं आणि जुनं एकक ठेवलं असतं तर त्यांचं उत्पन्न घटलं असतं. या डेटाबेसांच्या मागे हजारो इंजिनियरांची मेहनत आहे. वीज गेल्यावर, डिस्क जळाल्यावर एकही नोंद न हरवता उभं राहणारं सॉफ्टवेअर लिहिणं म्हणजे पोरखेळ नाही. माझं पोट त्यावरच चाललंय. पैसे घ्यावेत, जरूर घ्यावेत. तक्रार एवढीच, की हार्डवेअरवाल्यांनी केलेली प्रगती गिऱ्हाइकाच्या खिशापर्यंत पोचायच्या आत मोजपट्टी बदलते.

याहून जास्त टोचणारी गोष्ट म्हणजे कुलूप नसलेली दारं. आपल्याला वाटतं, ज्याचे पैसे भरले नाहीत ते सॉफ्टवेअर चालणारच नाही. टॅली चालत नाही, म्हणून हा डेटाबेसही चालणार नाही. तसं नसतं. ओरॅकलच्या एंटरप्राइझ आवृत्तीत 'डायग्नोस्टिक्स' आणि 'ट्यूनिंग' असे दोन पॅक आहेत, वेगळ्या किमतीचे. ते आधीपासूनच आत असतात आणि मुळातच चालू असतात. नवा मुलगा नोकरीला लागतो, डेटाबेस मंद चालतोय म्हणून पुस्तकात वाचलेला एक रिपोर्ट काढतो. काही अडत नाही, कुठे पाटी दिसत नाही. फक्त वापराची नोंद आत होऊन बसते. दोन्ही पॅक मिळून दर 'प्रोसेसर'मागे १२,५०० डॉलर. वरच्याच सर्व्हरवर ८ म्हणजे एक लाख डॉलर, रुपयांत ९० लाख! आणि करारात लिहिलेलं असतं, की ४५ दिवसांची लेखी सूचना देऊन आम्ही तपासणी करू शकतो. एका जुन्या ठिकाणी (नाव सांगत नाही, ना कंपनीचं ना विकणाऱ्याचं) अशी तपासणी मी जवळून पाहिली आहे. त्या तीन महिन्यांत आम्ही डेटाबेसचं काम कमी आणि सकाळ-संध्याकाळ जुनी बिलं शोधायचं काम जास्त केलं. शेवटी तडजोड झाली ती अशी, की नको असलेलं आणखी एक सॉफ्टवेअर कंपनीने विकत घेतलं.

व्हर्च्युअल मशीनचंही असंच. एका मोठ्या सर्व्हरचे आपण सॉफ्टवेअरने दहा तुकडे करतो आणि एका तुकड्यात डेटाबेस ठेवतो. आपला समज, तुकड्यापुरते पैसे. ओरॅकलचं धोरण व्हीएमवेअरसारख्या विभागणीला मानत नाही. राहतो एका खोलीत, पण घरपट्टी अख्ख्या चाळीची. चॉकलेटवाली मार्स कंपनी २०१५ च्या ऑक्टोबरात याच वादावरून सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात गेली. तपासणीच्या नावाखाली २,३३,०८९ पानं कागदपत्रं दिली तरी समाधान होईना, असं तिचं म्हणणं होतं. डिसेंबरात दावा मागे घेतला गेला, त्यामुळे निकाल काही लागला नाही. मार्सकडे वकिलांची फौज आहे. भोसरीत आमच्याकडे एक अकाउंटंट आणि आयटीचा एक पोरगा, जो प्रिंटरही बघतो.

आणि मोठ्यांना तरी कुठे जमतं म्हणा. कॅलिफोर्निया राज्य सरकारने २००१ मध्ये ओरॅकलशी साडेनऊ कोटी डॉलरचा घाऊक करार केला. एकगठ्ठा घेतलं की स्वस्त पडतं, हा आपला नेहमीचा हिशेब. २००२ च्या एप्रिलमध्ये राज्याच्याच लेखापरीक्षकांनी दाखवून दिलं, की राज्याला ४ कोटी १० लाख डॉलरपर्यंत जास्त मोजावे लागतील. जितके कर्मचारी नव्हते तितक्यांची लायसन्सं घेतली होती आणि खात्यांना ती हवीत का हे धड पाहिलंच नव्हतं. गाजावाजा झाला आणि जुलैत करार रद्द झाला. किराणा घाऊक घेतला तर निदान पुढच्या महिन्यात खपतो. न वापरलेलं लायसन्स सपोर्ट मात्र खात राहतं.

हा सपोर्टच खरा भुंगा. लायसन्स एकदाचं असतं, २२ टक्के दर वर्षी. पाच वर्षांत मूळ किमतीहून जास्त भरून होतात. बंद केला तर चालू आवृत्ती वापरता येते, पण नव्या दुरुस्त्या नाहीत. पुन्हा सुरू करायचा तर मागची सगळी वसुली आणि वर दंड. 'दहातली चार लायसन्सं आता लागत नाहीत, त्यांचा सपोर्ट सोडतो' म्हणावं, तर उरलेल्या सहांचा दर नव्याने ठरतो आणि बचत बरीचशी तिथेच जिरते.

त्यात आपल्यापुढे रुपयाचं दुखणं. ओरॅकल एंटरप्राइझचा यादीतला दर २००८ पासून तोच आहे, ४७,५०० डॉलर. अमेरिकन माणूस म्हणेल, वा, इतक्या वर्षांत वाढ नाही! २००८ च्या मध्यावर डॉलर ४३ रुपयांच्या आसपास होता, तेव्हा साध्या गुणाकाराने वीस लाखांच्या थोडं वर. २०२५ च्या डिसेंबरात डॉलरने नव्वदी ओलांडली. पावणेत्रेचाळीस लाख. न वाढलेली किंमत आपल्यासाठी दुपटीहून वर गेली. पाच वर्षांचं अंदाजपत्रक करताना लोक आजचा डॉलर धरतात. माझ्या मते ते चूक आहे.

मग फुकटचा का घेऊ नये? भावाचा पुढचा प्रश्न हाच होता. पोस्टग्रेस आहे. १९८६ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी सुरू केलेल्या प्रकल्पातून आलेला, १९९६ पासून पोस्टग्रेएसक्यूएल नावाने ओळखला जाणारा. कोअर मोजत नाही, माणसं मोजत नाही, काहीच मोजत नाही. मायएसक्यूएल आहे, जरी २०१० पासून त्याचीही मालकी ओरॅकलकडेच आहे. सन कंपनीने ते २००८ मध्ये १०० कोटी डॉलरना घेतलं होतं आणि पुढे सनच ओरॅकलच्या घरात गेली. मायक्रोसॉफ्टची एक्स्प्रेस आवृत्तीही फुकट आहे. तिची मर्यादा बरीच वर्षं १० जीबी होती, २०२५ च्या आवृत्तीपासून ५० जीबी झाली. पुष्कळ लहान धंद्यांचा सगळा डेटा यात आरामात बसेल.

मला विचाराल तर मध्यम धंद्यासाठी आज पोस्टग्रेस हाच पहिला पर्याय असावा आणि दुसरं काही का घ्यायचं, याचं कारण विकणाऱ्याने सांगावं. पण फुकट या शब्दावर माझा विश्वास नाही. बॅकअप घेणारा, तो बॅकअप खरंच परत उभा राहतो का हे तपासणारा आणि मध्यरात्री फोन उचलणारा माणूस लागतोच. लायसन्सवाल्याकडेही लागतो, हे लोक सोयीस्कर विसरतात. फरक इतकाच, की इथे पैसे त्या माणसाला जातात. पुण्यात असे लोक मिळतात. पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या एंटरप्राइझडीबीचं मोठं ऑफिस इथेच आहे.

खरी अडचण वेगळीच निघाली. डेटाबेस आपण निवडतच नाही, ईआरपी निवडतं! भावाला आवडलेलं ईआरपी पोस्टग्रेसवर चालतच नव्हतं. म्हणून ईआरपी बघायला जाताना पहिल्या भेटीतच विचारायला हवं, की तुमचं हे कशाकशावर चालतं? हा प्रश्न आपण डेमो बघून, रंगीत आलेखांवर खूश होऊन, निम्मा सौदा झाल्यावर विचारतो. ईआरपीसोबत कधी कधी डेटाबेसचं स्वस्त लायसन्सही देऊ करतात. त्यात मेख अशी असते, की ते फक्त त्या ईआरपीपुरतं. उद्या आयटीच्या पोराने त्याच डेटाबेसात गेटपासची छोटी नोंदवही बनवली तर ते लायसन्स तिला लागू नाही.

आणि आत गेलं की बाहेर यायला काय लागतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण ॲमेझॉन. स्वतः डेटाबेस विकणारी ही कंपनी आपला किरकोळ विक्रीचा धंदा वर्षानुवर्षं ओरॅकलवर चालवत होती. २०१९ च्या ऑक्टोबरात त्यांनी जाहीर केलं, की शेवटचा ओरॅकल डेटाबेस बंद केला. सुमारे ७,५०० डेटाबेस आणि ७५ पेटाबाइट डेटा हलवला, डेटाबेसचा खर्च ६० टक्क्यांहून जास्त कमी झाला. शेकडो इंजिनियर हाताशी असलेल्या कंपनीला यासाठी काही वर्षं लागली. भोसरीच्या कारखान्याने दहा वर्षांनी बाहेर पडायचं म्हटलं तर? म्हणून आत जातानाच भावाला सांगितलं, की हिशेबाचे नियम डेटाबेसच्या खास भाषेत लिहू देऊ नकोस, जमेल तितके वरच्या प्रोग्रॅममध्ये राहू देत. विक्रेत्याला हे आवडलं नाही. भावाने दुसरी दोन ईआरपी बघायला घेतली आहेत, त्यातलं एक पोस्टग्रेसवर चालतं. तिसरं पहिल्यापेक्षा महाग आहे, पण डेटाबेस धरून बेरीज केली की स्वस्त. ठरेल काय ते.

आमच्या व्यवसायातल्या लोकांबद्दलही दोन शब्द बोललं पाहिजे. नोकरीच्या मुलाखतीत आम्ही एकमेकांना इंडेक्स कसा काम करतो, लॉक कसं लागतं, असले प्रश्न विचारतो. ज्या सर्व्हरवर तुम्ही रोज काम करता त्याचं लायसन्स कशावर मोजलंय, हा प्रश्न मला वीस वर्षांत कुणी विचारला नाही. ते खरेदी विभागाचं काम, असं आम्ही म्हणतो. खरेदी विभागाला कोअर म्हणजे काय ते माहीत नसतं. त्या दोघांच्या मधल्या जागेतून कोट्यवधी रुपये जातात आणि जाताना कुणालाच दिसत नाहीत.

मी सध्या जिथे काम करतो तिथे सर्व्हर रूमच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. डेटाबेसचं नाव, आवृत्ती, कोणतं एकक, किती घेतलेत, किती वापरात आहेत, करार क्रमांक, सपोर्टची तारीख, आणि लाल शाईत: कुठले पॅक चालू करायचे नाहीत. सोबत फाइलमध्ये करार केला त्या दिवशीच्या व्याख्या आणि धोरणाची छापील प्रत आहे, कारण वेबसाइटवरची प्रत बदलते आणि सहीच्या वेळी ती काय होती हे नंतर सिद्ध करणं अवघड जातं. नवीन मशीन यायच्या आधी, आल्यावर नव्हे, त्या कागदावर नवा आकडा लिहून अकाउंट्सकडे सहीला जातो. मागच्या वर्षी ३२ कोअरचा सर्व्हर मागवायचा होता, तो त्या सहीच्या वेळी १६ चा झाला, जास्त वेगाच्या कोअरचा. हार्डवेअर थोडं महाग पडलं. लायसन्स निम्मं लागलं.